पुढे उभा राहणारा माणूस

बॅडमिंटनची डबल्स मॅच बघताना आपली सगळ्यांची नजर मागच्या माणसावर असते. जो उडी मारून स्मॅश हाणतो ना, त्याच्यावर. आवाज त्याचा, रिप्ले त्याचा, कॉमेंटेटर ओरडतो तोही त्याच्याच नावानं. आणि नेटपाशी गुडघे वाकवून, रॅकेट तोंडासमोर धरून जो दुसरा उभा असतो, त्यानं त्या रॅलीत नक्की काय केलं हे विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, कारण त्यानं बऱ्याचदा फार काही केलेलं दिसतच नाही, नुसतं रॅकेट पुढे करून शटलला टेकवलेलं असतं, आणि तरी समोरच्या जोडीला शटल उचलूनच द्यावं लागलेलं असतं. आमच्या इथल्या हॉलवर संध्याकाळी डबल्सच चालतात (कोर्टाचं भाडं चौघांत वाटलं जातं, खरं कारण तेच), आणि तिथंही पुढे कुणाला उभं राहायचं नसतं. सगळ्यांना मागून हाणायचं असतं. "तू पुढे जा रे" हे वाक्य आमच्याकडे जवळजवळ शिक्षा म्हणून वापरतात.

या पुढच्या जागेचा राजा म्हणजे दक्षिण कोरियाचा ली योंग-डे. त्याच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. आता तुम्ही म्हणाल त्याच्याबद्दल काय लिहायचं, ऑलिंपिक गोल्ड आहे, कितीतरी सुपर सिरीज (तेव्हाच्या वरच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा) आहेत, वर्ल्ड नंबर वन होता, गुगल केलं की सगळं मिळतं. मिळतं. पण ती यादी वाचून माणूस कळत नाही, कारण डबल्सवाल्याचं करिअर एकट्याचं नसतंच. त्याच्या करिअरची गोष्ट म्हणजे त्याच्या जोडीदारांची गोष्ट, कोण आलं, कोण गेलं, कुणाबरोबर जमलं, कुणासमोर उभं राहावं लागलं.

तर हा पोरगा १९८८ चा, जोल्ला प्रांताच्या दक्षिण भागातल्या ह्वासुन नावाच्या छोट्या गावचा. आता त्या गावात त्याच्या नावाचा स्पोर्ट्स हॉल आहे. शाळकरी वयातच नॅशनल टीममध्ये, हायस्कूल संपलं की सॅमसंग इलेक्ट्रो-मेकॅनिक्सच्या क्लबमध्ये. कोरियात मोठमोठ्या कंपन्यांचे बॅडमिंटन क्लब असतात, खेळाडू तिथं नोकरीला असल्यासारखे असतात, आपल्याकडे पूर्वी रेल्वे आणि पेट्रोलियमवाले खेळाडू घ्यायचे तसंच काहीसं, फक्त ट्रेनिंग कितीतरी कडक. आणि कोरियात बॅडमिंटन म्हणजे डबल्स, हे डोक्यात ठेवायला हवं. पार्क जू-बोंग आणि किम मून-सू यांनी १९९२ ला बार्सिलोनात, बॅडमिंटन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हाच, पुरुष डबल्सचं गोल्ड नेलं. २००४ ला अथेन्समध्ये किम डोंग-मून आणि हा ते-क्वॉन. आपल्याकडे डबल्स हे कायम सावत्र पोर, सिंगल्समध्ये जमलं नाही की डबल्स खेळायचं. तिकडे उलट, हुशार पोरगा दिसला की आधी त्याला जोडीदार शोधतात.

२००८. बीजिंग. ली योंग-डे दोन इव्हेंट खेळत होता. पुरुष डबल्समध्ये जंग जे-संगबरोबर, आणि मिक्स्डमध्ये ली ह्यो-जंगबरोबर. सगळ्यांची आशा पुरुष डबल्सवर होती, त्याच वर्षी मार्चमध्ये ही जोडी ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकून आलेली. आणि पहिल्याच फेरीत गेली! डेन्मार्कच्या लार्स पास्के आणि योनास रासमुसननं उडवलं. या रासमुसनचं कोरियाशी काय वाकडं होतं कळत नाही, २००४ ला याच माणसानं रिके ओल्सनबरोबर किम डोंग-मून आणि रा क्युंग-मिन या त्या काळातल्या जवळजवळ अजिंक्य मिक्स्ड जोडीला क्वार्टर फायनलला घरी पाठवलं होतं.

मग उरलं मिक्स्ड. इथं एक गंमत आहे. मिक्स्डमध्ये साधारण पद्धत अशी की बाई नेटवर, पुरुष मागे. म्हणजे पुरुष डबल्समध्ये जंगच्या पुढे उभा राहणारा हा पोरगा मिक्स्डमध्ये मागे जायचा आणि त्याच्या पुढे ली ह्यो-जंग. ती त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, उंची सहा फुटांच्या घरात, हात लांब केला की नेटवरून काही जाऊच नये. एकाच स्पर्धेत एका दिवशी पुढचा आणि दुसऱ्या दिवशी मागचा, दोन वेगळी डोकी घेऊन खेळायचं. पाय वेगळे पडतात, नजर वेगळी लागते, पुढचा असाल तर शटलकडे वळून बघायचंही नसतं, समोरच्यांची रॅकेट बघून ओळखायचं असतं आपला जोडीदार मागून काय मारतोय ते. हे एकोणीस वर्षांचा पोरगा करत होता.

फायनल १७ ऑगस्टला. समोर इंडोनेशियाचे नोव्हा विदियांतो आणि लिलियाना नात्सिर, जगात एक नंबर. आणि १७ ऑगस्ट म्हणजे इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन! कोरियन जोडीनं २१-११, २१-१७ असं सरळ गुंडाळलं त्यांना. (लिलियानाला गोल्ड मिळालं पुढे, २०१६ ला रिओमध्ये, दुसऱ्या जोडीदाराबरोबर, आणि तारीख परत १७ ऑगस्टच. असं कुणी कादंबरीत लिहिलं तर आपण नाक मुरडू.) जिंकल्यावर ली योंग-डेनं कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला. झालं. कोरियात त्याचं नावच पडलं "विंक प्रिन्स". वीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाही नव्हता आणि हा घराघरात पोचला, जाहिराती आल्या, पोरी वेड्या झाल्या, गल्लीगल्लीत पोरं बॅडमिंटन शिकायला लागली. शिवाय तिकडे प्रत्येक धडधाकट तरुणाला सक्तीची लष्करी सेवा असते, ऑलिंपिकचं कुठलंही मेडल किंवा एशियाडचं गोल्ड मिळालं तरच त्यातून सूट, तोही प्रश्न मिटला. खेळाडूच्या ऐन उमेदीतली जवळजवळ दोन वर्षं वाचणं म्हणजे काय, हे तिकडच्या आईबापांना विचारा.

पण मला तो डोळा मारणारा ली योंग-डे फारसा आवडत नाही, खरं सांगायचं तर. मला जंग जे-संगच्या पुढे उभा असलेला आवडतो.

जंग जे-संग. १९८२ चा, उंची जेमतेम साडेपाच फूट. आणि एवढा बुटका माणूस मागच्या लाइनवरून अशी उडी मारायचा की कमरेपासून वरचा भाग धनुष्यासारखा वाकायचा आणि शटल सरळ खाली. एकदा नाही, सलग पाच-सहा वेळा, मध्ये श्वास घ्यायला वेळ नाही. त्याला स्मॅश मारायला शटल वर हवं, आणि ते वर येण्याची सोय ली करायचा. कसं, ते एकदा नीट बघा, स्लो करून बघा. समोरच्यानं जंगचा स्मॅश आडवा परत केला की तो मधल्या पट्ट्यात लीच्या डाव्या बाजूनं जातो, आणि लीचं रॅकेट आधीच तिथं असतं. तो मारत नाही. मनगट जेमतेम हलतं, अंगठ्यानं ग्रिप दाबल्यासारखी करतो आणि शटल नेटच्या पट्टीला घासून पलीकडे पडतं. आता समोरच्याकडे दोनच रस्ते, एकतर नेटवर त्याच्याशीच खेळायचं, म्हणजे आत्महत्या, नाहीतर उचलून द्यायचं. उचललं की मागे जंग तयार. स्कोअरबोर्डवर पॉइंट जंगचा दिसतो. कबड्डीत कोपऱ्यातला पाय धरतो आणि टाळ्या त्यालाच, साखळी लावून रेडरला तिकडे ढकलणारा कव्हर कुणाच्या लक्षात राहत नाही, तसंच हे.

आणि डिफेन्स. ज्यांनी चीनच्या फू हायफेंगचे स्मॅश बघितलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. फू हायफेंग म्हणजे त्या काळातला सगळ्यात जोरात मारणारा. त्याच्यासमोर ली बॅकहँड पुढे धरून उभा राहायचा आणि स्मॅश नुसता अडवायचा नाही, आडवा ड्राइव्ह मारून त्याच शटलच्या मागोमाग नेटवर धावत यायचा. बचाव करता करताच हल्ला सुरू. आता सगळ्याच जोड्या असं खेळतात, तेव्हा इतक्या सहज करणारे मोजके होते.

यांची मला सगळ्यात जवळची वाटणारी मॅच आपल्या देशात झाली. २००९ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, हैदराबाद, गच्चीबोवलीचं स्टेडियम. फायनलला काई युन आणि फू हायफेंग. पहिली गेम चीन २१-१८, दुसरी कोरिया २१-१६, आणि तिसरी... २८-२६. चीन. अठ्ठावीस सव्वीस! गेम एकवीसची असते हो. वीस-वीस झाल्यावर परत एक अख्खा सेटच खेळल्यासारखं. दोन पॉइंट इकडचे तिकडे झाले असते तर ली योंग-डे वर्ल्ड चॅम्पियन असता. त्याआधी २००७ लाही क्वालालंपूरला फायनल हरलेले, इंडोनेशियाच्या मार्किस किडो आणि हेंद्रा सेतियावानकडून. नंतर २०१४ लाही हरला, त्याच्याकडे येतोच. तीन फायनल, तीन सिल्व्हर. वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड या माणसाला कधीच मिळालं नाही. हे लोकांना सांगितलं तर पटत नाही.

२०१२ ला परत ऑल इंग्लंड जिंकले, फायनलला तेच काई युन-फू हायफेंग. ती मॅच बघाच, पहिली गेम हरून मग काय धुतलंय. त्यामुळे लंडन ऑलिंपिकला सगळ्यांना वाटत होतं आता गोल्ड. सेमीला डेन्मार्कचे मथियास बो आणि कार्स्टन मोगेनसन. पहिली गेम घेतली, दुसरी गेली, तिसरी २२-२० ला गेली. परत दोन पॉइंट. ब्राँझची मॅच मलेशियाच्या कू किएन कीट आणि तान बून हिओंगविरुद्ध, पहिली गेम २३-२१ अशी खेचून काढली आणि दुसरीत समोरचे संपलेच, २१-१०. जंगला ऑलिंपिक मेडल मिळालं, आणि त्यानं नॅशनल टीम सोडली. तीस वर्षांचा होता. (मिक्स्डमध्ये त्या वेळी हा जंग-युन या मुलीबरोबर ग्रुपमध्येच बाहेर. तिलाच मग महिला डबल्समध्ये ग्रुपची मॅच मुद्दाम हरण्याच्या भानगडीत बाहेर काढलं, चार जोड्या गेल्या, त्यातल्या दोन कोरियाच्या. लंडन कोरियन बॅडमिंटनला एकूणच लाभलं नाही.)

जंगनंतर काय? आधी को संग-ह्युन आला. त्याचाही स्मॅश भयानक, ही जोडीही नंबर वन झाली, पण काही स्थिर होईना. मग २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये कोचनी पत्ते पिसले आणि लीला यू योन-संग दिला. हा यू म्हणजे आधी त्या को संग-ह्युनचाच जोडीदार! आणि को गेला शिन बेक-चॉलकडे. तुम्ही कितीही मोठे असा, उद्या सकाळी कोच म्हणतो आजपासून याच्याबरोबर, की परत पहिल्यापासून सुरू, सर्व्हिसनंतर कोण सरकणार, मधलं शटल कुणाचं, हरल्यावर याच्याशी बोलायचं की गप्प बसायचं.

ली-यू जोडी लगेच जमली, आणि लगेचच घोळ झाला. २०१४ च्या जानेवारीत वर्ल्ड फेडरेशननं ली आणि किम गी-जंग या दोघांवर एक वर्षाची बंदी घातली. डोपिंगचे नियम. पण डोपिंग नाही! म्हणजे बघा, मोठ्या खेळाडूंना आपण कधी कुठे असणार हे आधी कळवून ठेवावं लागतं, तपासणीवाले न सांगता येतात, आणि तेव्हाच्या नियमानं दीड वर्षात तीनदा तुमच्या माहितीत गडबड निघाली किंवा तुम्ही सापडला नाहीत की गुन्हा. यांची माहिती भरायचं काम कोरियन असोसिएशनकडे होतं. तिथं लिहिलेलं की पोरं सोलच्या तेरुंगच्या नॅशनल ट्रेनिंग सेंटरमध्ये आहेत, पोरं दुसरीकडेच. एकाही टेस्टमध्ये काही सापडलं नव्हतं, टेस्ट झालीच नव्हती. आणि त्याच वर्षी एशियाड इंचनला, म्हणजे घरी. कारकुनी चूक ऑफिसची, वर्ष जाणार खेळाडूचं. असोसिएशनला चाळीस हजार डॉलर दंड झाला, आणि शेवटी एप्रिलमध्ये फेरविचार होऊन बंदी रद्द झाली. आपल्याकडच्या क्रीडा संघटनांचे किस्से ऐकलेल्या माणसाला यात नवल काहीच वाटणार नाही, फक्त तिकडे दंड तरी भरला आणि चूक कबूल केली.

परत आल्यावर या माणसानं जे सुरू केलं ते थांबेचना. एकामागून एक सुपर सिरीज, ऑगस्टपासून नंबर वन आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं तिथंच. इंचनला टीम इव्हेंटमध्ये चीनला ३-२ हरवून गोल्ड. पण वैयक्तिकमध्ये परत हेंद्रा सेतियावान आडवा आला, या वेळी मोहम्मद अहसानबरोबर, सिल्व्हर. आणि त्याच्या जरा आधी, कोपनहेगनला, वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल. समोर कोण? को संग-ह्युन आणि शिन बेक-चॉल. स्वतःचा जुना जोडीदार. २२-२०, २१-२३, २१-१८. हरला. कोला याची प्रत्येक सवय माहीत होती, हा नेटवर कुठल्या शटलवर झेपावतो आणि कुठलं सोडतो सगळं, आणि माझं तर मत आहे की ती फायनल तिथंच गेली.

रिओ २०१६, टॉप सीड. क्वार्टर फायनलला मलेशियाच्या गो व्ही शेम आणि तान वी किओंगकडून पहिली गेम जिंकून हरले, तिसरी २१-१९. म्हणजे पुरुष डबल्समध्ये तीन ऑलिंपिकमधून एक ब्राँझ. त्यानंतर त्यानं नॅशनल टीम सोडली, आणि निरोपाची स्पर्धा घरची कोरिया ओपन, ती मात्र जिंकून गेला, चीनच्या ली जुनहुई आणि लिऊ युचेन या दोन ताडमाड पोरांना हरवून.

रेकॉर्ड बघितलं तर ली-यू ही जोडी ली-जंगपेक्षा भारी, आकड्यांत वादच नाही. मला तरी ली-जंगच मोठी वाटते. यू बरोबर ली सुरक्षित खेळायचा, दोघंही सगळं करू शकायचे, कोण पुढे कोण मागे फरक पडायचा नाही. जंगबरोबर प्रत्येकाला आपली जागा होती आणि ती सोडली की दोघंही उघडे पडायचे. त्यामुळे बघताना जीव टांगणीला लागायचा.

जंग जे-संग ९ मार्च २०१८ ला गेला. घरीच, हार्ट ॲटॅक. ३५ वर्षांचा होता, कोचिंग करत होता. बातमी वाचली तेव्हा मी परत परत वय बघत होतो. आणि मग १४ जून २०२१ ला मार्किस किडो गेला, इंडोनेशियात, बॅडमिंटन खेळता खेळता कोर्टवरच कोसळला, ३६ वर्षांचा. आता २००७ च्या त्या क्वालालंपूरच्या फायनलचा फोटो डोळ्यांसमोर आणा, चौघं. किडो आणि जंग दोघंही बुटके, दोघंही मागून उड्या मारून हाणणारे. हेंद्रा आणि ली, दोघंही नेटवर शांत उभे राहणारे. मागचे दोघं गेले. याचा काही अर्थ लावू नये, डॉक्टर मंडळी सांगतील की दोन घटनांवरून काही सिद्ध होत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मनातून जात नाही. हेंद्रा तर पुढे अहसानबरोबर २०१३, २०१५, २०१९ अशा तीन वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकला आणि थेट २०२५ च्या जानेवारीत थांबला.

लीचं काय झालं मग? मधल्या काळात तो आपल्याकडे यायचा की! प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये, मुंबई रॉकेट्सकडून. ऑलिंपिक चॅम्पियन मुंबईच्या नावाची जर्सी घालून खेळतोय आणि आपल्या पेपरांत त्याच्यावर धड चार ओळी नाहीत, सगळं सायना आणि सिंधू. मला तेव्हा फार राग यायचा, अजूनही येतो. त्याच लीगमध्ये पुण्याच्या टीमकडून २०१८-१९ च्या सीझनला मुंबईचा चिराग शेट्टी खेळला, आणि त्याच टीममध्ये मथियास बो. हो तोच, लंडनच्या सेमीवाला. पुढे तो सात्त्विक-चिरागचा कोच झाला. सात्त्विक मागून तोफ डागतो आणि चिराग पुढे येऊन शटल खातो, हे बघताना मला हटकून ली आठवतो. चिराग जास्त आक्रमक आहे, ओरडतो, उड्या मारतो, ली एवढा आवाज करायचा नाही.

आणि २०१८ च्या सुमारास कोरियात एक भांडण झालं. नॅशनल टीममध्ये नसलेल्या खेळाडूंना ठरावीक वय झाल्याशिवाय बाहेरच्या स्पर्धा खेळता येणार नाहीत असा असोसिएशनचा नियम होता. को आणि शिन कोर्टात गेले, म्हणजे खऱ्या कोर्टात, वकिलांच्या, आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला. ली परत बाहेर खेळायला लागला. जोडीदार कोण? किम गी-जंग. ज्याच्याबरोबर बंदी भोगली तो. सरकारी कोच नाही, टीम नाही, स्वतःच्या क्लबच्या जिवावर फिरायचं. मकाऊ ओपन जिंकले. आणि २०२० च्या जानेवारीत मलेशिया मास्टर्सच्या फायनलला समोर परत तेच ली जुनहुई आणि लिऊ युचेन, आता तोवर वर्ल्ड चॅम्पियन होऊन बसलेले, ऐन भरातले. ली योंग-डे एकतीस वर्षांचा. २१-१४, २१-१६.

ती मॅच मिळाली तर बघा, तासाभराचीही नाही. फक्त एक करा, शटलकडे बघू नका. सुरुवातीला जमत नाही, मान आपोआप हलते. पण एक गेमभर नुसतं पुढच्या माणसाच्या पायांकडे बघा. तो धावत नाही. अर्धं पाऊल डावीकडे, अर्धं मागे, परत पुढे, आणि समोरचे ते दोन सहा फुटी चिनी कधी याच्या डावीकडून काढू बघतायत, कधी डोक्यावरून, आणि जिथं मारतील तिथं हा आधीच. आमच्या हॉलवरच्या दोघातिघांना मी ती मॅच दाखवलीय. एकजण म्हणाला, "हा काहीच करत नाहीये रे." आणि पुढच्या संध्याकाळी टॉस व्हायच्या आधीच नेटपाशी जाऊन उभा राहिला.